कनेक्शन धरून बसू नका: डेअरीच्या मेसेजवरून बसवलेलं पूलचं गणित

सकाळी पावणेसातला जांबोटीकडच्या एका दूध डेअरीच्या सेक्रेटरींचा फोन. "ताई, मेसेज यायना झालेत. लोकं दारात उभारून विचारायलेत, फॅट किती लागली म्हणून." रात्रभर पाऊस झालेला, पहाटे लाइट गेली होती आणि साडेसहाला आली होती. लाइटची ही वेळ लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आमचं काम असं. खानापूर तालुक्यातल्या आणि हद्दीपलीकडच्या चंदगड बाजूच्या काही डेअऱ्यांत दूध मोजलं की लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग), दर आणि रक्कम अशी पावती आमच्या सर्व्हरवर येते आणि तिथून शेतकऱ्याच्या फोनवर मेसेज जातो. मराठी घराला मराठीत, कन्नड घराला कन्नडमध्ये. किटली रिकामी करून बाई डेअरीच्या पायरीवरून उतरायच्या आत तो मेसेज तिच्या हातात पडायला पाहिजे. काल सात लागलेली फॅट आज साडेपाच दिसली, तर ती तिथंच उभं राहून सॅम्पल पुन्हा लावून घेऊ शकते. अर्ध्या तासानं घरी पोचल्यावर आलेल्या मेसेजचा तिला काही उपयोग नाही, कारण दूध तोवर कॅनमध्ये ओतलेलं असतं. मी स्वतः लहानपणी अशाच रांगेत किटली घेऊन उभी राहिले आहे, त्यामुळं या उशिराकडं मला नुसता आकडा म्हणून बघता येत नाही.

त्या सकाळी लॉगमध्ये एकच ओळ शेकडो वेळा होती: कनेक्शन उपलब्ध नाही, ३०,००० मिलिसेकंद वाट पाहून विनंती सोडून दिली. आमची सिस्टीम जावामध्ये, डेटाबेस पोस्टग्रेस. प्रोग्रॅम डेटाबेसशी ज्या जोडणीवरून बोलतो ते कनेक्शन, आणि अशी कनेक्शनं आधीच उघडून ठेवून लागतील तशी द्यायची-परत घ्यायची तो साठा म्हणजे पूल. आमचा पूल हिकारीसीपी नावाच्या लायब्ररीचा. हिकारीत काही न सांगता मिळणारा पूल १० कनेक्शनचा असतो आणि कनेक्शनसाठी थांबायची मुदत ३० सेकंदांची. आम्ही दोन्हींना कधी हात लावला नव्हता.

आधी मी काय केलं ते सांगते, कारण बहुतेक जण पहिल्यांदा हेच करतात. पूल ५० केला. आमचे प्रोग्रॅम तीन: पावत्या घेणारा, मेसेज पाठवणारा आणि मेसेज पोचल्याची पोच गोळा करणारा. तिघांचं मिळून १५० झाले. पोस्टग्रेसमध्ये मॅक्स कनेक्शन्स मुळात १०० असतात आणि त्यातली ३ सुपरयूझरसाठी (डेटाबेसच्या मुख्य व्यवस्थापकासाठी) राखीव. म्हणजे आपल्या हाती ९७. डेटाबेसनं 'टू मेनी क्लायंट्स' म्हणून नवी कनेक्शनं नाकारायला सुरुवात केली. मग मी ती मर्यादा ३०० केली, त्यासाठी डेटाबेस बंद करून चालू करावा लागला, आणि तेवढ्या वेळात आणखी पावत्या तुंबल्या. चालू झाल्यावर सगळंच संथ झालं. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी एक वेगळी प्रोसेस उभी करतो. चार कोरच्या मशीनवर शंभरावर प्रोसेस एकदम कामाला लागल्या की कोरचा बराचसा वेळ एकीला उठवून दुसरीला बसवण्यातच जातो.

दोन दिवसांनी डोकं शांत झाल्यावर मी जे आधी बघायला पाहिजे होतं ते बघितलं. तुम्ही इथूनच सुरुवात करा.

कनेक्शन काय करत आहेत ते आधी बघा

पोस्टग्रेसमध्ये पीजी स्टॅट अॅक्टिव्हिटी नावाचा व्ह्यू, म्हणजे बघायचा तक्ता, आहे. प्रत्येक कनेक्शन या क्षणाला कुठल्या अवस्थेत आहे ते त्याच्या 'स्टेट' रकान्यात दिसतं. 'अॅक्टिव्ह' म्हणजे क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालू आहे. 'आयडल' म्हणजे रिकामं, पूलमध्ये पडून आहे. तिसरी अवस्था 'आयडल इन ट्रान्झॅक्शन': ट्रान्झॅक्शन (सगळं मिळून एकदम पक्कं किंवा रद्द होणारं काम) उघडलंय, पण डेटाबेसला आत्ता कुणी काही विचारत नाही. आमच्याकडं गर्दीच्या वेळी जवळजवळ सगळी कनेक्शनं या तिसऱ्या अवस्थेत होती. डेटाबेस मोकळा बसला होता आणि कनेक्शन मात्र एकही शिल्लक नव्हतं.

डेअरीत हे रोज दिसतं. फॅट मशीनला सॅम्पल लावायचा नंबर आला, सॅम्पल लावलं, आणि मग माणूस आपलं कार्ड शोधायला बाहेर लावलेल्या गाडीकडं गेला. मशीन काही करत नाही, पण मागची रांग हलत नाही. अशा वेळी दुसरं मशीन मागवायचं कारण नाही. कार्ड हातात घेऊन रांगेत या, एवढंच सांगायचं असतं.

आमच्या कोडमध्ये कार्ड शोधायला जाणारी जागा सापडली. मेसेज पाठवणाऱ्या फंक्शनच्या डोक्यावर स्प्रिंगची (आमच्या जावा फ्रेमवर्कची) 'ट्रान्झॅक्शनल' खूण होती, म्हणजे अख्खं फंक्शन एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. आत तीन कामं: मेसेजची रो (टेबलमधली ओळ) वाचून तिला कुलूप लावणं, एसएमएस गेटवेला (मेसेज पुढं फोनवर पोचवणाऱ्या सेवेला) एचटीटीपीनं तो देणं आणि उत्तर आल्यावर रोवर 'पाठवला' असं लिहिणं. पहिलं आणि तिसरं मिळून १० मिलिसेकंदांत होतं. मधलं काम, गेटवेच्या उत्तराची वाट बघणं, गर्दीत ८०० मिलिसेकंद घेत होतं. तेवढा सगळा वेळ कनेक्शन आमच्या मुठीत.

गणित

जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: सेकंदाला किती कामं येतात, गुणिले एक काम किती सेकंद जागा अडवतं, बरोबर सरासरीनं किती जागा भरलेल्या असतात. आमचे आकडे त्यात घालून बघा.

नेहमीच्या सकाळी सेकंदाला साधारण ८ मेसेज. ८ गुणिले ०.८, म्हणजे साडेसहाच्या आत कनेक्शन. दहाच्या पूलमध्ये ते बसत होतं, म्हणून महिनोन्‌महिने कुणाला काही कळलं नाही. लाइट गेली की डेअरीतलं यंत्र बॅटरीवर चालतं, पण इंटरनेटचा राउटर बंद पडतो. पावत्या यंत्रातच साठतात. लाइट आली की सगळ्या गावांतल्या साठलेल्या पावत्या एकदम निघतात. त्या सकाळी सेकंदाला ४० येत होत्या. ४० गुणिले ०.८, म्हणजे ३२ कनेक्शन पाहिजेत आणि आहेत १०. उलट बाजूनं बघितलं तर दहा कनेक्शनमधून सेकंदाला साडेबाराच मेसेज बाहेर पडतात. उरलेले साडेसत्तावीस प्रत्येक सेकंदाला मागं साचत राहतात.

आता गेटवेची वाट बघणं ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढलं तर? ४० गुणिले ०.०१. म्हणजे ०.४. सरासरीनं अर्धं कनेक्शनसुद्धा भरत नाही. पूलच्या आकड्याला हात न लावता प्रश्न सुटला. तुमच्या सिस्टीमसाठी हा एकच गुणाकार आज कागदावर करून बघा. उत्तर पूलच्या आकड्याच्या जवळ आलं असेल, तर तुमचाही पावसाळा ठरलेला आहे.

काम तीन तुकड्यांत कसं तोडायचं

पहिला तुकडा: उचलणं. छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये ५० मेसेज एकदम घ्या. 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' पोस्टग्रेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून आहे. दुसऱ्या वर्करनं (हेच काम करणाऱ्या दुसऱ्या प्रतीनं) कुलूप लावलेल्या रो ते सोडून देतं आणि पुढच्या घेतं, त्यामुळं चार वर्कर एकाच टेबलवर एकमेकांना न अडवता काम करतात. घेतलेल्या रोची स्थिती 'उचलला' करा, शेजारी वेळ लिहा, कमिट करा, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं करून संपवा. कनेक्शन पूलमध्ये परत.

दुसरा तुकडा: पाठवणं. इथं डेटाबेसचं नावसुद्धा नको. गेटवेच्या उत्तरासाठी ३२ थ्रेड (प्रोग्रॅममधली समांतर चालणारी कामं) थांबू देत की. ती वाट बघणं कुठं नाहीसं होत नाही, फक्त कनेक्शन न अडवता होतं. एचटीटीपीलाही स्वतःची मुदत हवी. आम्ही ५ सेकंद ठेवली आहे.

तिसरा तुकडा: नोंद. ५० मेसेजचे निकाल एकाच अपडेटमध्ये लिहा, कमिट करा, सोडा.

या तोडण्याची किंमत आहे आणि ती आधीच समजून घ्या. दुसऱ्या तुकड्यात मेसेज गेला आणि तिसऱ्याच्या आधी प्रोग्रॅम पडला, तर रो 'उचलला' स्थितीतच अडकते. म्हणून दर मिनिटाला एक झाडू फिरवा: जी रो दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ 'उचलला' आहे, ती पुन्हा रांगेत. मग तोच मेसेज दोनदा जाऊ शकतो. दुधाची पावती दोनदा आली तर शेतकरी दुर्लक्ष करतो. पण दर दहा दिवसांनी बिल जमा झाल्याचा मेसेज दोनदा गेला, तर त्याला वाटतं पैसे दोनदा जमा झाले. दुसऱ्या दिवशी तो सोसायटीत जाऊन भांडतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही भांडले असते. म्हणून बिलाच्या मेसेजला आम्ही झाडू लावत नाही. ते अडकले तर माणूस बघतो, गेटवेकडं चौकशी करतो आणि मगच पुन्हा पाठवतो. गेटवे आपण दिलेला क्रमांक बघून दुसरी प्रत नाकारत असेल तर तो क्रमांक जरूर द्या.

लांबलेल्या ट्रान्झॅक्शनचा आणखी एक तोटा उशिरा लक्षात आला. मेसेजच्या टेबलमध्ये रो सतत बदलतात, आणि पोस्टग्रेस जुनी प्रत लगेच पुसत नाही, नंतर व्हॅक्यूम नावाचं सफाईचं काम ती पुसतं. लिहिणारं एखादं ट्रान्झॅक्शन उघडं पडलं असेल, तर त्यानंतर मेलेल्या रो व्हॅक्यूमला काढता येत नाहीत. टेबल फुगतं, उचलायची क्वेरी संथ होते, कनेक्शन आणखी वेळ अडकतं. म्हणून प्रोग्रॅमच्या रोलला (डेटाबेसमधल्या त्याच्या खात्याला) 'आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट' लावा. मुळात तो बंद असतो. आमच्याकडं १० सेकंद आहे. त्याहून जास्त कुणी गाडीकडं गेलं तर डेटाबेस त्याचं कनेक्शनच तोडतो.

हिकारीत 'लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड' म्हणून एक सेटिंग आहे, तेही मुळात बंद. ते २,००० मिलिसेकंदांवर ठेवा, त्याहून कमी ते घेत नाही. कनेक्शन घेऊन दोन सेकंदांत परत न करणारा कोड कुठल्या ओळीवर आहे ते लॉगमध्ये येतं. आम्हाला त्यातून एक जागा सापडली जी मी कधीच ओळखली नसती: पावत्या घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये स्प्रिंग बूटचं 'ओपन इन व्ह्यू' चालूच राहिलं होतं. ते मुळातच चालू असतं. त्यामुळं पहिली क्वेरी झाल्यापासून डेअरीच्या यंत्राला उत्तर पूर्ण पोचेपर्यंत कनेक्शन अडकून राहायचं, आणि जांबोटीच्या जंगलात नेटवर्क कसं असतं ते तिकडं गेलेल्यांना माहीत आहे. बंद केलं.

आता आकडा

हे सगळं झाल्यावरच पूलच्या आकड्याकडं वळा. पोस्टग्रेसवाल्यांचा जुना अंदाज आहे: कोरची संख्या गुणिले दोन, अधिक डिस्कची संख्या. चार कोर आणि एका डिस्कला ९. एसएसडीला तो तंतोतंत लागू पडत नाही, पण सुरुवातीला धरायला चांगला. हे ९ सगळ्या प्रोग्रॅमचे मिळून, प्रत्येकाचे नव्हेत. दोन-दोन प्रती चालवत असाल तर त्या प्रतीही मोजा.

आम्ही वाटणी अशी केली: पावत्या घेणाऱ्याला ४, पाठवणाऱ्याला ३, पोच गोळा करणाऱ्याला २. मग एका सकाळच्या पावत्या चाचणीच्या मशीनवर पुन्हा सोडल्या, सेकंदाला ४० च्या वेगानं. पूल निम्मा करून बघितला, दुप्पट करून बघितला. दुप्पट केल्यावर मिनिटाला जाणारे मेसेज वाढले नाहीत, क्वेरीचा वेळ मात्र वाढला. निम्मा केल्यावर पावत्या घेणाऱ्यात रांग दिसायला लागली. म्हणून पहिला आकडा ठेवला. तुमचा वेगळा येईल. तो मोजून काढा, माझा उचलू नका.

मोजताना हिकारीचे दोन आकडे सगळ्यांत कामाचे. 'पेंडिंग', म्हणजे कनेक्शनसाठी किती थ्रेड थांबलेत, आणि 'यूसेज', म्हणजे घेतलेलं कनेक्शन किती वेळानं परत आलं. पेंडिंग वाढतंय आणि यूसेज कमी आहे, तर पूल खरंच लहान आहे. दोन्ही वाढतायत, तर कोड किंवा क्वेरी कनेक्शन अडवून बसलीय, आणि पूल वाढवून दुखणं लांबेल. यूसेजची सरासरी बघू नका. कमीपासून जास्तीकडं लावून शंभरातला नव्व्याण्णवावा बघा. सरासरीत जांबोटी लपते.

'मिनिमम आयडल' वेगळं देऊ नका. न दिल्यास ते पूलच्या मोठ्या आकड्याइतकंच राहतं आणि तेच बरं. गर्दी आल्यावर नवी कनेक्शनं उघडायला लागणं, म्हणजे प्रोसेस उभी करणं, टीएलएस (एन्क्रिप्शन जुळवणं), पासवर्डची तपासणी, हे नेमकं नको त्या वेळी येतं. 'मॅक्स लाइफटाइम' ३० मिनिटं असतो. मधल्या फायरवॉलची किंवा डेटाबेसची कनेक्शन तोडायची मुदत त्याहून कमी असेल, तर हा त्या मुदतीच्याही खाली आणा.

थांबायची ३० सेकंदांची मुदत मात्र कमी करा. आम्ही २ सेकंद केली. डेअरीच्या यंत्राला लवकर 'नाही' मिळालं तर ते पावती साठवून थोड्या वेळानं पुन्हा पाठवतं. ३० सेकंद लटकत ठेवलं तर यंत्राच्या बाजूची मुदत आधी संपते, ते तीच पावती पुन्हा पाठवतं आणि गर्दी दुप्पट होते. मात्र यंत्राच्या पावतीला स्वतःचा क्रमांक हवा आणि टेबलवर त्याचा युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेणारी अट) हवा, नाहीतर एकाच दुधाचे पैसे दोनदा लागतील.

एकाच थ्रेडनं दोन कनेक्शन मागण्याची जागा कोडमध्ये असेल तर सावध. आमच्याकडं बिलाच्या कामात होती: मुख्य ट्रान्झॅक्शन चालू असतानाच हिशेबाची नोंद वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये. पूल आठचा असताना आठ थ्रेडनी आठ कनेक्शन घेतली आणि प्रत्येक जण आपल्या दुसऱ्या कनेक्शनची वाट बघत बसला, की थांबायची मुदत संपेपर्यंत पूल अडकतो. अडकू नये म्हणून लागणारा आकडा: थ्रेड गुणिले (एका थ्रेडला लागणारी कनेक्शन वजा एक), अधिक एक. आठ थ्रेडना दोन-दोन, म्हणजे ९. त्यापेक्षा ती नोंद मुख्य काम संपल्यावर लिहिणं सोपं. आम्ही तेच केलं, आणि बिलाला व अहवालांना दोन कनेक्शनचा स्वतंत्र पूल दिला. दहाव्या दिवशी बिलाच्या लांबलचक क्वेरी चालू असताना सकाळच्या पावत्या आता त्यांच्यामागं उभ्या राहत नाहीत.

काफ्का (प्रोग्रॅममधल्या संदेशांची रांग सांभाळणारी प्रणाली) वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कन्झ्युमर, म्हणजे रांगेतून वाचणारा प्रोग्रॅम, मुळात एका वेळी ५०० पर्यंत रेकॉर्ड उचलतो आणि पुढची खेप मागायला त्याला ५ मिनिटं असतात. म्हणजे एका रेकॉर्डला ०.६ सेकंद. आमच्यासारखा ०.८ सेकंद लागला तर ५०० ला ४०० सेकंद होतात, ३०० च्या पुढं. कन्झ्युमरांचा ग्रुप त्याला गेलेला समजतो, ज्यांची नोंद पक्की झाली नव्हती ते रेकॉर्ड दुसऱ्याकडं जातात आणि शेतकऱ्याला मेसेज पुन्हा. खेप १०० करा, नाहीतर पाठवणं समांतर करा.

प्रोग्रॅमच्या प्रती खूप वाढल्या तर पीजीबाउन्सर (पोस्टग्रेससाठीचा वेगळा पूल) प्रोग्रॅम आणि डेटाबेसच्या मध्ये बसवता येतो. त्याच्या ट्रान्झॅक्शन मोडमध्ये पोस्टग्रेसची 'लिसन' सोय आणि सेशनवरची अॅडव्हायझरी कुलपं चालत नाहीत, तेवढं बघून. आम्हाला गरज पडली नाही.

मराठी मेसेजचा भार वेगळा मोजा

इंग्रजी अक्षरांचा साधा एसएमएस १६० अक्षरांचा. देवनागरी किंवा कन्नड लिपीतला ७०. त्यापुढं गेला की ६७-६७ चे तुकडे. आमची मराठी पावती ९० अक्षरांच्या आसपास जायची, म्हणजे दोन तुकडे. काही गेटवे प्रत्येक तुकड्याची पोच वेगळी पाठवतात, तेव्हा पोच गोळा करणाऱ्या प्रोग्रॅमवर भार दुप्पट. लोक सुचवतात, इंग्रजीत पाठवा, एका तुकड्यात बसेल. आम्ही ते केलं नाही. ज्या बाईसाठी हे सगळं चाललंय तिला तिच्या लिपीत वाचता आलं पाहिजे, मग ती मराठी असो की कन्नड. त्याऐवजी पोच एकेक लिहायचं बंद केलं. आलेल्या पोच मेमरीत जमा होतात आणि दर अर्ध्या सेकंदाला एका इन्सर्टमध्ये लिहिल्या जातात. प्रोग्रॅम पडला तर अर्ध्या सेकंदाच्या पोच जातील, ते चालतं. पावती गेलेली चालत नाही, म्हणून पावत्या घेताना असं काही करू नका. कमिट झाल्यावरच यंत्राला 'मिळाली' म्हणा.

शेवटची चाचणी

सगळं बसवल्यावर एक चाचणी जरूर करा. चाचणीच्या मशीनवर खऱ्या गेटवेऐवजी एक खोटा गेटवे लावा, जो प्रत्येक मेसेजला २० सेकंदांनी उत्तर देतो. मग ४० च्या वेगानं पावत्या सोडा. एचटीटीपीची मुदत ५ सेकंदांची असल्यानं पाठवणं फसत राहील, रांग वाढेल, ते ठीक. बघायचं ते पूलकडं. पाठवणाऱ्याच्या पूलमध्ये वापरात असलेली कनेक्शनं शून्य-एकच्या आसपास राहिली पाहिजेत आणि पावत्या घेणं पहिल्यासारखंच चालू राहिलं पाहिजे. तसं नसेल, तर कुठंतरी अजून कुणीतरी सॅम्पल लावून गाडीकडं गेलेलं आहे. पीजी स्टॅट अॅक्टिव्हिटीतल्या त्या रोमध्ये त्याची शेवटची क्वेरी लिहिलेली असते, तिथून कोडपर्यंत जा.

पुढच्या पावसात पहाटे लाइट गेली तेव्हा मी साडेसहाला स्क्रीनसमोर बसून होते. सेकंदाला ४० च्या वर पावत्या आल्या. पेंडिंग दोनदा एकवर गेलं आणि परत आलं. सातला मीच जांबोटीला फोन लावला. "मेसेज यायलेत काय अण्णा?" "यायलेत की. का, काय झालं?"